सही नसलेले हिगो त्सुबा

त्सुबा म्हणजे जपानी तलवारीच्या मुठीपाशी बसवलेली, हाताचं रक्षण करणारी धातूची चकती. ‘त्यावर कारागिराची सही नाही म्हणजे घराणं ठरवणं हा निव्वळ अंदाज’ असं एक मत आहे, ते हिगोच्या बाबतीत मला पटत नाही. हिगो हा जपानचा जुना प्रांत, म्हणजे आजचा कुमामोतो. तिथल्या चारही मूळ कारागिरांचं, हिराता हिकोझो, निशिगाकी कान्शिरो, शिमिझु जिंगो आणि हायाशी माताशिची यांचं, बहुतेक काम बिनसहीचंच आहे. तरी हात वेगळे ओळखू येतात. हिकोझोचा ओढा तांब्याच्या मिश्रधातूंकडे, जिंगोच्या लोखंडावर पितळेत जडवलेले ठसठशीत शिकारी पक्षी, तर माताशिची मुळात बंदुका घडवणाऱ्यांपैकी, त्यामुळे त्याचं लोखंडच बघत राहावं असं! त्यावरचं सोन्याचं नुनोमे काम आपल्याकडच्या कोफ्तगरीसारखंच: आधी बारीक आडव्याउभ्या रेघा कोरायच्या, मग त्यांत सोनं ठोकून बसवायचं.

घराण्यांबद्दल बोलताना एक गोष्ट सुटते, ती आश्रयदात्याची. होसोकावा हे सरदार घराणं 1632 मध्ये हिगोत आलं. त्यातले तादाओकी उर्फ सान्साई हे चहा-समारंभाचे गुरू सेन नो रिक्यू यांचे शिष्य, म्हणून या त्सुबांमध्ये चहा-परंपरेचा संयम दिसतो. खरी अडचण पुढची आहे. कामियोशी या कारागीर घराण्याने हायाशींची शैली एकोणिसाव्या शतकापर्यंत जिवंत ठेवली, आणि त्या दोघांतला फरक ओळखताना माझी अजूनही दमछाक होते. मी नक्षी बाजूला ठेवून आधी मधल्या भोकाभोवतीचा लंबगोल आणि बाजूच्या छिद्रांचे आकार पातळ कागदावर पेन्सिलने घासून उतरवून घेते, मग एइसेई बुंको या होसोकावा घराण्याचा संग्रह जपणाऱ्या संग्रहालयातल्या त्सुबांच्या छायाचित्रांशी ताडून बघते. नक्षीची नक्कल सहज होते, हे आकार मात्र हाताच्या सवयीतून येतात.