कोड लिहिणाऱ्याचा की पैसे देणाऱ्याचा?

परळची_पोर
लालबागमधल्या एका मसाला कांडपवाल्या काकांना मी गेल्या वर्षी सॉफ्टवेअर करून दिलं. एप्रिल-मेमध्ये तिथे काय गर्दी उसळते ते मुंबईकरांना सांगायला नको. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी घेऊन बायका रांगेत उभ्या असतात आणि प्रत्येकीला एकच धास्ती, माझा मसाला दुसरीच्या पिशवीत जायला नको. माझं सॉफ्टवेअर पिशवीला नंबर देतं, आणलेलं वजन आणि कुटल्यानंतरचं वजन मांडतं, घट किती आली ते पावतीवर छापतं. तीन महिने रात्री जागून लिहिलं. ४५,००० रुपये मिळाले, तीन हप्त्यांत, यूपीआयवर. करार नाही, बोलणं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर.

मागच्या आठवड्यात भांडुपच्या मावशीने तिच्याकडच्या कांडपाची पावती दाखवली. दुकानाचं नाव वेगळं, पण खाली ‘देठ काढणे’ऐवजी ‘देट काढणे’. ती चूक माझी आहे, लालबागला सुधारायची राहून गेली होती. चौकशी केली तर कळलं, काकांच्या पुतण्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवरून सगळा कोड उचलून तीन दुकानांना विकलाय. काका म्हणाले, “पोरी, पैसे मोजलेत ना तुला? मग वस्तू आमची.” काका माणूस चांगला आहे, पहिला हप्ता त्यांनी काम बघायच्या आधीच दिला होता. त्यामुळे तिथे मला तोंड उघडता आलं नाही. पण घरी आल्यावर रडू आलं. मी कॉपीराइटची नोंदणी केलेली नाही. माझी काही बाजू आहे का? दिवसा मी अंधेरीत एका कंपनीत नोकरी करते, तेही सांगून ठेवते.

विरार_फास्ट
लगेच पेटंट घ्या! मग कोणी हात लावणार नाही.

फोर्टातली_वकील
पेटंटचा रस्ता इथे नाही. पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम, अल्गोरिदम आणि धंद्याची पद्धत यांना पेटंटबाहेर ठेवतं. पिशवीला नंबर द्यायची कल्पनाही तुझ्या एकटीची होत नाही. उद्या कोणी तेच काम करणारा कोड स्वतः बसून लिहिला, तर तू अडवू शकत नाहीस.

पण इथे कोणी स्वतः लिहिलेलं नाही, आणि म्हणून तुझी बाजू भक्कम आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त मोडतो. लिहिला त्या क्षणी हक्क तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. कलम १७प्रमाणे पहिला मालक लेखक. तू काकांची नोकर नव्हतीस, बाहेरून काम करून दिलंस, तेव्हा मालक तू. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ म्हणतं, लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. नुसते पैसे पोचले म्हणून हक्क सरकत नाही. काकांना त्यांच्या दुकानात वापरायची मुभा नक्की आहे, सुरक्षिततेसाठी प्रत ठेवायचीही. विकायची नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सगळं तुमचंच’ असं काही लिहिलं असशील तर ते मेसेज वकिलाला आधी दाखव, लपवू नको. ती ‘देट’वाली पावती जपून ठेव. दोन माणसं एकच हिशेब लिहितील, पण एकच चूक एकाच जागी करणार नाहीत. गिटमधला, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, तारीखवार इतिहास पुसू नको. नोंदणीही आता करून घे, अर्ज ऑनलाइन होतो, सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात. कोर्टात ती नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरतात.

सीप्झ_रात्रपाळी
ताई, दोन गोष्टी लगेच तपासा. पहिली, तुमचं नेमणूकपत्र. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा मालक कंपनी असते. तुमचं कांडपाचं काम त्यात बसत नाही, पण पत्रात ‘नोकरीच्या काळातलं सगळं’ अशी ओळ असेल, किंवा ऑफिसचा लॅपटॉप वापरला असेल, तर उद्या कंपनीही दावा सांगू शकते.

दुसरी, कोडमध्ये कोणाच्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोड, आहेत? जीपीएल या खुल्या परवान्याची लायब्ररी आत गुंफून कोड दुकानाला दिला असेल, तर पूर्ण कोड जीपीएलखाली द्यायची अट तुमच्यावर येते, आणि मग पुढे वाटायचा, विकायचा हक्क समोरच्यालाही मिळतो. पुतण्याचा वकील पहिलं हेच शोधेल. एमआयटी हा सैल परवाना असेल तर काळजी नाही, फक्त मूळ लेखकाची कॉपीराइट सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा असतो.

दादरचा_दुकानदार
मी काकांच्या बाजूचा माणूस. आम्हाला खरंच वाटतं की पैसे दिले म्हणजे सगळं आलं. पण शिंप्याने शिवलेला सदरा माझा, त्याच्याकडचा कागदी कटिंगचा नमुना माझा नव्हे, हे मला पटतं. आमची भीती वेगळी असते. सॉफ्टवेअर करणारी मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तर ऐन मे महिन्यात मशीन बंद पडल्यावर कोणाकडे जायचं? आधी काकांना शांतपणे भेट, नोटीस नंतर. आणि ‘दुरुस्ती मी करीन’ हे कागदावर लिहून दे. त्यांना तेच हवं असणार.

परळची_पोर
सगळ्यांचे मनापासून आभार. नेमणूकपत्र काढून वाचलं, ‘कामाच्या संदर्भात’ असे शब्द आहेत. लॅपटॉप माझाच होता. पावती छापायची लायब्ररी एमआयटीची निघाली, पण तिच्या लेखकाची सूचना मीच काढून टाकली होती. स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून. माझा कोड उचलला म्हणून रडत होते आणि मीही कोणाचं तरी नाव पुसलं होतं. रात्रीच परत घातली.

काल काकांना भेटले. एका दुकानापुरता वापराचा परवाना आणि वर्षभर दुरुस्ती, असा कागद केला. सही करताना ते म्हणाले, “हे आधीच सांगायचं होतंस, बाळा.” पुतण्या आला नव्हता. त्या तीन दुकानांचं काय करायचं ते शनिवारी तिघं बसून ठरवणार आहोत. वकीलताई, परवान्यात मुदत लिहिली नाही तर?

फोर्टातली_वकील
कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. मुदत आणि दुकानाचा पत्ता, दोन्ही आजच लिहून घे. शनिवारी एकटी जाऊ नको.