शिंकेला लघवी गळते ती आणि कुलपापाशी गळते ती एकच का?

विचारू की नको करत दोन वर्षं गेली. वय ४९, पाळी जाऊन वर्ष झालं. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. भांडुप ते सीएसएमटी रोजचा लोकलचा प्रवास.

आधी फक्त शिंक, ठसका किंवा भाजीच्या पिशव्या घेऊन पूल चढताना थेंब-दोन थेंब जायचे. लघवी लागलेलीही नसायची. पॅडवर निभत होतं. आता वेगळंच सुरू झालंय. घराच्या दाराशी येऊन पर्समध्ये किल्ली शोधायला लागले की एकदम इतकी जोराची लागते की आत पोचेपर्यंत धीर धरवत नाही. परवा उंबऱ्यातच सलवार भिजली. समोरच्या काकू म्हणाल्या, "पावसात सापडलीस का गं?" मी हो म्हटलं. बाहेर चक्क ऊन होतं!

रात्रीही तीनदा उठते. प्रवासाच्या भीतीने सकाळपासून पाणी पीत नाही, ऑफिसात पोचल्यावर चहा तेवढा होतो. कोणाकडे जाऊ? ऑपरेशनच लागतं का? आई ७६ वर्षांची, जुना मधुमेह, तिला तर दिवसभर थेंब थेंब गळतं. माझंही तसंच होणार का?

प्रतिसाद:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते. शिंकेचं ते स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स (इन्कॉन्टिनन्स म्हणजे लघवी न आवरणं). इथे स्ट्रेस म्हणजे टेन्शन नव्हे, पोटातला दाब. कुलपापाशी होतं ते अर्ज (urge, एकदम जोराची लागणं) इन्कॉन्टिनन्स, म्हणजे मूत्राशय नको तेव्हा आकुंचन पावतं. दोन्ही असेल तर मिक्स्ड म्हणतात, तुमचं तसं वाटतंय. आईचं वेगळं असू शकतं: जुन्या मधुमेहात मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि भरून वाहतं, त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. लघवी केल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत कळतं, तेवढं करून घ्याच.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, लागलं तर ते युरोलॉजिस्टकडे (मूत्रविकारतज्ज्ञ) पाठवतील. परळच्या केईएम हॉस्पिटलला दोन्ही विभाग आहेत. लघवीची तपासणी आधी, कारण जंतुसंसर्गानेही असंच होतं. लघवीत रक्त दिसलं किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला तर मात्र थांबू नका. ऑपरेशनचं नंतर बघू. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम किमान ३ महिने शिकून करावे लागतात, आठवड्यात गुण येत नाही. आणि पाणी तोडू नका, घट्ट लघवीने मूत्राशय जास्त चिडतं. चहा कमी करा. ३ दिवस वहीत लिहा: किती प्यायलं, कधी गेलात, कधी गळलं, तेव्हा काय करत होतात.

धागाकर्ती:
वही सुरू केली. पहिल्याच दिवशी १३ नोंदी झाल्या! चहाचे कपही लिहायचे ना?

प्रतिसाद:
हो, ऑफिसातला कटिंगसुद्धा.