बल्ब झाला, आता पंख्याचं बोला

"गरिबांना बल्ब देण्यापेक्षा थेट बिलात सूट द्या" असं काही जण म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. सूट दर महिन्याला द्यावी लागते, बल्ब एकदाच. 2015च्या उजाला या केंद्राच्या स्वस्त एलईडी बल्ब योजनेत 60 वॅटच्या पिवळ्या दिव्याजागी 9 वॅटचा एलईडी आला. रोज पाच तास धरले तरी महिन्याला साडेसात युनिटं वाचतात. ठोक खरेदीमुळे 310 रुपयांना पडणारा बल्ब 2016पर्यंत 38 वर आला. शिवाय पैसे बिलातून दहा-दहा रुपयांनी फेडायची सोय होती. ही युक्ती झकास.

गोची वेगळीच. बल्ब घ्यायला वीजबिल दाखवावं लागायचं. आमच्या मागच्या चाळीतले भाडेकरू सगळे सबमीटरवाले, म्हणजे मालकाच्या मीटरवरून वेगळा मोजणी मीटर लावलेले, बिल मालकाच्या नावावर. बल्बही मालकाच्याच घरी गेले. (जिन्यात मात्र पिवळाच!)

आणि खरी वीज खातो पंखा. साधा 75 वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) 30च्या आसपास. पत्र्याच्या खोलीत तो बारा तास तरी फिरतो, म्हणजे महिन्याला सोळा युनिटांचा फरक. पण किंमत जवळपास दुप्पट, एकदम कोण काढणार? इथे बिलातला हप्ताच हवा. फक्त भाडेकरूचा हप्ता कुणाच्या बिलातून कापायचा, यावर वीज कंपनीत काम केलेल्या कुणी लिहिलं तर बरं होईल.