सिझेरियननंतर टेन्स: झोपून बरं, उठताना तसंच दुखतं

प्रसूतीवॉर्ड_परळ
सिझेरियनच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही टेन्स (कातडीवर पॅड लावून हलका करंट देऊन दुखणं कमी करणारं मशीन) लावतो. दोन चॅनलचं मशीन, म्हणजे पॅडच्या दोन वेगळ्या जोड्या, ५×५ सेंमीचे चार पॅड, १०० हर्ट्झ, २० मिनिटं. पडून असताना आराम पडतो, पण बाळाला घ्यायला उठलं की टाके ओढल्यासारखं दुखतं ते दुखतंच. त्यात या दमटपणात पॅड सुटतात आणि कडेला टोचतं. चुकतंय कुठे?

फिजिओ_दादर
सिस्टर, वेळ चुकतेय. मशीन बंद केलं की परिणाम लवकर ओसरतो. तुम्ही काढून ठेवता आणि मग उठवता, म्हणजे खरी गरज असते तेव्हा करंटच नसतो. उठवायच्या १०-१५ मिनिटं आधी सुरू करा, मशीन गाऊनच्या खिशात ठेवा, संडासला जाऊन परत येईपर्यंत चालू राहू द्या.

दुसरं म्हणजे करंट कमी पडत असणार. "मुंग्या आल्या" म्हटलं की बहुतेकजण हात काढून घेतात. मुंग्या ठसठशीत हव्यात, दुखतील इतक्या नकोत आणि स्नायू फडफडायला नको. फडफड दिसली तर पल्स विड्थ (करंटचा प्रत्येक ठोका किती वेळ टिकतो ते) १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास आणा. १० मिनिटांत शरीराला सवय होऊन मुंग्या मंदावतात, तेव्हा विचारून पुन्हा थोडं वाढवा. कमी फ्रीक्वेन्सी, २-४ हर्ट्झ, ओल्या टाक्यांजवळ नकोच, तिने पोटाचे स्नायू उडतात.

पॅड जखमेवर नाही, ड्रेसिंगवर नाही. छेदाच्या वर आणि खाली २-३ सेंमी सोडून, धड कातडीवर. एक चॅनल डावीकडे, एक उजवीकडे. छेदाभोवतीची कातडी बरेचदा बधिर असते, म्हणून आधी कापसाने स्पर्श करून बघा. जिथे कळत नाही तिथे पॅड लावला की बाळंतीण "काही जाणवत नाही" म्हणते, आपण वाढवत जातो आणि कातडी भाजते.

टोचण्याचं कारणही तसंच आहे: पॅडची कड उचलली की सगळा करंट उरलेल्या छोट्या भागातून जातो. पॅड हलवण्याआधी दोन्ही चॅनल शून्यावर आणा.

स्टाफनर्स_ठाणे
सुटण्यामागे निम्म्या वेळा तेल असतं. घरी गेल्यावर मालिशवाली बाई येते, तेव्हा पॅड मालिशच्या आधी लावा, किंवा नंतर साबणाने पुसून, पूर्ण कोरडं करून. पावडर अजिबात नको. घामाने जेल फुगलं असेल तर पॅड पाच मिनिटं पंख्याखाली ठेवा, मग प्लास्टिकवर चिकटवून बंद पाकिटात घाला. उलट जेल सुकलं असेल तर पाण्याचा एक थेंब पुरतो. वरून पोटपट्टा सैलसर बांधला तर कडा उचलत नाहीत. चिकटपणा गेलेला पॅड टेपने दाबून वापरू नका, नवीन घ्या.

प्रसूतीवॉर्ड_परळ
कळलं. बाळ अंगावर पीत असताना पोटात कळा येतात, त्यालाही हेच?

भूलतज्ज्ञ_मुंबई
त्या कळा गर्भाशय आकसण्याच्या. त्यांच्यासाठी पाठीवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, टी-१० ते एल-१ (छातीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत) या पातळीवर पॅड लावून बघा. दुधावर परिणाम नाही, फक्त पॅड स्तनांवर लावू नका.

मात्र टेन्स लावलं म्हणून गोळ्या बंद करू नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन लिहून दिलेल्या वेळेलाच द्यायचं. टेन्समुळे वरचे जादा डोस कमी लागले तर तेवढा फायदा. स्पायनलचा (पाठीच्या मणक्यात दिलेल्या भुलीचा) बधिरपणा पूर्ण उतरल्याशिवाय सुरू करू नका. पेसमेकर असेल, फिट्स येत असतील किंवा पोटरी सुजून दुखत असेल तर लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. बाजारातल्या बऱ्याच मशीनमध्ये टेन्ससोबत ईएमएस (करंटने स्नायू आकसवणारा) मोड असतो, तो चुकून लागला तर पोट आवळतं. घरी देताना योग्य बटणावर मार्करने खूण करून द्या.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, ताप आला, ड्रेसिंग ओलं झालं, तर मशीनचा करंट वाढवू नका. ड्रेसिंग उघडून जखम बघा.