बीपी काठावर, बाकी रिपोर्ट 'नॉर्मल': सोबत अजून काय बघावं?

शंकासुर:
वय ४६. वार्षिक तपासणीत बीपी १४२/८८ निघालं. घरच्या मशीनवर वरचं १३० ते १३८ आणि खालचं ८४-८६ च्या आसपास असतं. बाकी सगळं नॉर्मल: एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ५.८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३५, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) ०.९, नाडी ५८. वजन जरा जास्त आहे, सिगारेट नाही. नातेवाइकांत दोन तट पडलेत. एकजण म्हणतो, नाडी शांत, कोलेस्टेरॉल बरं, मग बीपीचं काय घेऊन बसलास? दुसऱ्याचं म्हणणं, आजच गोळी चालू कर. डॉक्टरांनी महिन्याने बोलावलंय. जाताना काय घेऊन जाऊ, कुठल्या तपासण्यांबद्दल विचारू? मनगटावरचं घड्याळही बीपी दाखवतं, त्यावर भागेल का?

उलटतपासणी:
५.८ ला नॉर्मल कोण म्हणालं? ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डायबेटिस नाही, पण 'बाकी सगळं नॉर्मल' हे वाक्य तिथेच बाद. कमरेचा घेर मोजलाय का? ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), उपाशीपोटीची साखर, घेर आणि बीपी या पाचांपैकी तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह-हृदयविकाराचा धोका वाढवणारा बिघाडांचा संच, धरतात. त्यात बीपीची रेघ १३०/८५ ला आहे. म्हणजे एक खूण तुमच्याकडे आधीच आहे.

धावतोय_हळूहळू:
नाडीचं डोक्यातून काढा. हृदय मिनिटाला किती वेळा ठोके देतं ते नाडी सांगते. बीपी ठरतं ते दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडतं आणि धमन्या किती अडवतात यावर. नियमित पळणाऱ्याची नाडी ५० असून बीपी १५० असू शकतं. नाडीपेक्षा वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर बघा. वय वाढलं की मोठ्या धमन्या ताठरतात, वरचं चढतं, खालचं उतरतं आणि अंतर रुंदावतं. तुमचं पन्नासच्या आसपास आहे, त्याची आज काळजी नको.

लॅबवाली:
मी एकच तपासणी सुचवेन, कारण ती सर्रास राहून जाते: लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर. रक्तातलं क्रिएटिनिन फार उशिरा बोलतं. किडनीची बरीच क्षमता गेली तरी आकडा नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतो, म्हणून वय धरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) बघायचा. लघवीत अल्ब्युमिन झिरपायला लागतं ते बहुधा त्याच्याही आधी. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेलं तर १३५ चं बीपीही किरकोळ राहत नाही. सकाळची पहिली लघवी द्या. ताप असेल किंवा आदल्या दिवशी दणकून व्यायाम झाला असेल तर पुढे ढकला, आकडा उगाच वाढतो. एकदा जास्त आलं तरी लगेच शिक्का नाही, तीन महिन्यांत पुन्हा करून खात्री करतात. सोबत पोटॅशियम. लघवी वाढवणारी गोळी चालू नसताना ते कमी निघालं तर बीपीचं मूळ किडनीच्या वर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत असू शकतं. घोरता का, दिवसा पेंग येते का, हेही डॉक्टरांना सांगा.

तिरकसराव:
इतकं मोजत बसलं तर मोजण्यानेच बीपी वाढेल.

लॅबवाली:
तिरकसराव, गंमत सोडा, ते खरंच होतं! दवाखान्यात १४२ आणि घरी १३४ यात नवल काहीच नाही. म्हणून तर घरासाठी रेघ १३५/८५ आणि दवाखान्यासाठी १४०/९०. उलटंही असतं: दवाखान्यात छान, घरी जास्त. ते जास्त फसवं.

जुनाजाणता:
कोलेस्टेरॉल बरं म्हणून बीपी माफ, असा हिशेब नसतो. दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत, एकत्र आले की धोका गुणाकाराने वाढतो. अमेरिकेत १९४८ साली सुरू झालेल्या फ्रॅमिंगहॅम या हृदयविकाराच्या दीर्घ अभ्यासाने हेच दाखवलं आणि धोका मोजणारी आजची गणितं त्याच वाटेची आहेत. वय, सिगारेट, साखर, कोलेस्टेरॉल आणि वरचं बीपी एकत्र घालून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज काढतात. २००२ मध्ये दहा लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ४० ते ६९ वयात ११५ च्या पुढे वरचं दर २० ने वाढलं की हृदयविकाराने वा पक्षाघाताने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होताना दिसला. म्हणजे १४० ला अचानक कडा येत नाही, आधीपासून चढणच आहे. अमेरिकेने २०१७ मध्ये रेघ १३०/८० वर आणली, युरोपात उच्च रक्तदाबाची व्याख्या १४०/९० वर राहिली. त्यामुळे तुमच्या घरच्या १३४ ला कुणी आजार म्हणेल, कुणी म्हणणार नाही. 'आजच गोळी'वाल्यांना सांगा, या पट्ट्यात गोळीचा निर्णय बीपीपेक्षा बाकीच्या आकड्यांवर जास्त ठरतो. तोवर वजन उतरवा. ढोबळमानाने किलोमागे एक अंक बीपी उतरतं, साखरही सुधारते.

उलटतपासणी:
घड्याळावर विसंबू नका. दंडाला पट्टा बांधायचं मशीनच हवं, आणि पट्टा दंडाच्या मापाचा. टेपने दंडाचा मधला घेर मोजा, पट्ट्यावर माप छापलेलं असतं. आखूड पट्टा आकडा फुगवतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प बसा आणि मोजतानाही बोलू नका. लघवी तुंबवून मोजू नका. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. सगळ्यात छान आकडा तेवढा लिहायचा, असलं करू नका.

शंकासुर:
लघवीची तपासणी आजवर झालेलीच नाही. पाठदुखीसाठी डायक्लोफिनॅक अधूनमधून घेतो, तेही सांगायचं का?

लॅबवाली:
आधी तेच सांगायचं! त्या जातीच्या वेदनाशामकांनी बीपीही चढतं आणि किडनीलाही ताण पडतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही बीपी वाढतं. गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरूनच न्या. मशीनही न्या, दवाखान्यातल्याशी ताडून बघता येईल.