छोटी लाइन गेली. तिच्या माणसांचा इतिहास कुठं ठेवायचा?

मोतीबागवाला: नागपूर–नागभीड ही १९०८ची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची छोटी लाइन, २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. छिंदवाड्याची, १९१३ची, त्याआधीच २०१५ मध्ये. इंजिनं आणि डबे नागपुरातल्या मोतीबागच्या रेल्वे संग्रहालयात २००२ पासून जपलेत, त्याचा आनंदच आहे. पण कुही, उमरेड, भिवापूरच्या स्टेशनांभोवती सांधे बदलणारे पॉइंट्समन, फाटकवाले, रुळांची डागडुजी करणारे गँगमन यांची जी वस्ती होती तिचं काय? रोज हातोडा-पाना घेऊन रुळांवरून चालत रूळ घट्ट धरणारी एकेक चावी ठोकणारा कीमन कुठल्याच काचेच्या कपाटात नाही. माझं स्पष्ट मत: या मार्गावरचं एक तरी जुनं स्टेशन क्वार्टर्ससकट राखावं.

भिवापूरची सून: नाही पटत, भाऊ. जेमतेम शंभर किलोमीटरला चार-पाच तास लागायचे. पेशंट नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलला न्यायचा असला की त्या गाडीचा भरवसा कोण धरणार? आमच्या मिरचीला आज जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, तिला बाजार गाठून देणारी बडी लाइन हवी. ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांचं प्रेम नागपुरात बसून करणं सोपं आहे.

मोतीबागवाला: ताई, ब्रॉडगेजला माझा विरोध कुठं आहे? १६७६ मिलिमीटरचा रूळ टाका, हवाच आहे. त्याच्या आड न येणारी एक इमारत मागतोय.

गँगमनचा पोरगा: दोघांनाही एक विचारतो. क्वार्टर कोणाला मिळायचं? कायम नोकरीवाल्याला. माझा बाप कितीतरी वर्षं कॅज्युअलवर, म्हणजे हंगामी रोजंदारीवर होता. भर मे महिन्यात बीटर नावाच्या अवजारानं रुळाखालची गिट्टी ठोकायची, मेट म्हणजे टोळीचा मुकादम हाक मारेल तिकडं धावायचं, आणि रात्री रुळाकडेच्या झोपडीत पाठ टेकायची. ती झोपडी केव्हाच गेली. आता क्वार्टर जपाल तर ज्यांना दार होतं त्यांचाच इतिहास उरेल. त्यापेक्षा जुन्या हजेरीपटांतली नावं शोधा, हयात म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करा.

भिवापूरची सून: हे पटलं. त्यात फाटकावरच्या बायकाही घ्या. नवरा ड्युटीवर, आणि अंगणातली कोंबडी, पोरं, पाणी सगळं तिच्या अंगावर.

मोतीबागवाला: हजेरीपटाची मागणी मान्य, मी अर्ज लिहितो. इमारतीचा हट्ट मात्र सोडत नाही. रेकॉर्ड केलेलं ऐकायला लोकांनी बसायचं कुठं?

गँगमनचा पोरगा: उमरेडच्या नव्या प्लॅटफॉर्मवर. गाडीची वाट पाहणारे तिथंच असतील.