छडीने पोरं घडतात? भुसावळच्या आप्पांच्या पोस्टला माझं उत्तर

चोपड्याची मास्तरीण:
"दडपण टाकल्याशिवाय पोरगं हुशार होत नाही, छडी होती म्हणून आम्हाला पाढे आले," ही आप्पांची पोस्ट वाचून रात्रभर चीड गेली नाही. पाढे घोकून पक्के झालेले असतात, ते भीतीतही तोंडावर येतात. नीट या डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या पेपरात नवा प्रश्न सोडवायचा असतो. त्याला कपाळामागचा मेंदू लागतो, आणि भीती हाताबाहेर गेली की नॉरअ‍ॅड्रेनालिन, डोपामाइन ही मेंदूतली रसायनं इतकी वाढतात की आधी तोच भाग ढिला पडतो. माझी भाची घरी सगळं सोडवायची. हॉलमध्ये एकच ओळ पाच वेळा वाचली. म्हणाली, मावशी, अक्षरं दिसत होती, अर्थच लागेना.

भुसावळचे आप्पा:
ताई, दडपण नसेल तर पोरं मोबाईल घेऊन लोळतील. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 सालीच दाखवलंय, थोडा ताण हवाच.

चोपड्याची मास्तरीण:
तो प्रयोग उंदरांवर होता आप्पा, विजेचे झटके देऊन! आणि काम अवघड झालं तिथे जोराचा झटका उलट नडला. अर्धंच का सांगता?

रावेरचा केळीवाला:
पोरांचं राहू द्या, आमच्या डोक्याचं बोला. तमिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास 2013 साली आला. तोच माणूस तोडणीआधी हात रिकामा असताना कोड्यांत चुकत होता, पैसे आल्यावर त्याला ती जमली. जूनच्या वादळात माझी घडावर आलेली बाग आडवी झाली. त्या महिन्यात ठिबकमधून एकच खत दोनदा सोडलं. वीस वर्षं बाग करतोय! डोक्यात फक्त हप्ता होता.

धुळ्याचा भाचा:
कर्ज काढताना विचार करायचा होता, भाऊ.

रावेरचा केळीवाला:
तू बांधावर ये, मग बोल. केळीचा बोर्डावर जाहीर होणारा भाव एक, व्यापारी देतो दुसरा. घड पिकायला लागला की थांबता येतं का?

भुसावळचे आप्पा:
भांडू नका. छडीचं मी मागे घेतो. टेस्ट सिरीज मात्र हवीच.

चोपड्याची मास्तरीण:
ती मलाही हवीच. 2011 च्या एका अभ्यासात परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवली, तर घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले. भाचीला दर रविवारी तेच करायला लावते. पहिल्या कागदावर तिने लिहिलं होतं, क्लासच्या फीसाठी आईची पोत गहाण आहे.

रावेरचा केळीवाला:
माझा पोऱ्याही यंदा क्लासला आहे, ताई. जेवताना रोज त्याच्यासमोर हप्त्याचं बोलतो आम्ही. आजपासून नाही बोलणार.